दाढेच्या खळग्यावरचा लेसर: एका दाव्याचा प्रतिवाद

दात किंवा दाढ काढल्यानंतर जबड्यात उरणाऱ्या खळग्यावर कमी शक्तीच्या लेसरचा प्रकाश मिनिटभर धरला की ठणका कमी होतो, सूज लवकर ओसरते आणि जखम एरवीपेक्षा वेगाने भरून येते, हा दावा आता मोठ्या शहरांतील दवाखान्यांपुरता उरलेला नाही. यंत्रविक्रेत्यांच्या माहितीपत्रकांतून, दंतवैद्यांच्या परिषदांतून आणि दवाखान्यांच्या फलकांवरून तो जिल्ह्याच्या ठिकाणी आणि तेथून तालुक्याच्या गावांकडे सरकत आहे. या दाव्याच्या पाठीशी काही खरे संशोधन आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. प्रतिवाद करायचा आहे तो या संशोधनावर उभारलेल्या एका फार मोठ्या निष्कर्षाचा: साधी दाढ काढलेल्या प्रत्येक रुग्णाला हा उपचार द्यावा, त्याचे स्वतंत्र शुल्क घ्यावे, आणि नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगरसारख्या तालुक्यात ही सोय नसेल तर ती तेथील दंतसेवेची मोठी उणीव समजावी, या मताचा. हिमायतनगरचा विचार येथे मुद्दाम केला आहे, कारण बुडणारी मजुरी, दवाखान्याचे अंतर, तंबाखूची सवय आणि तिच्यामागून येणारा मुखकर्करोगाचा धोका या गोष्टी तेथे अनेकदा एकाच रुग्णाच्या वाट्याला येतात, आणि कोणता उपचार आधी व कोणता नंतर याचा निर्णय अशा रुग्णासमोरच खरा कसाला लागतो.

कमी शक्तीचा लेसर हा शस्त्रक्रियेतील लेसरपेक्षा वेगळा असतो. शस्त्रक्रियेतील लेसर ऊतक कापतो किंवा जाळतो. येथे तसे काहीच घडत नाही. साधारणतः ६०० ते १००० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे तांबड्या रंगापासून डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यापर्यंतचा प्रकाश, बहुधा ५०० मिलिवॅट किंवा त्याहून कमी शक्तीने जखमेजवळ धरला जातो आणि रुग्णाला त्याची ऊबही फारशी जाणवत नाही. मात्रा मोजण्याचे एकक म्हणजे ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर. १०० मिलिवॅटचा किरण एक चौरस सेंटिमीटर जागेवर ४० सेकंद स्थिर धरला, तर त्या जागेला ४ ज्यूल ऊर्जा मिळते. प्रकाशाने पेशींच्या कामकाजात फरक पडतो या कल्पनेवरून या शाखेला अलीकडे फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात, आणि तिचा उगम बुडापेस्टमधील वैद्य एंद्रे मेस्टर यांच्या १९६७ च्या सुमाराच्या प्रयोगांत मानला जातो. थिओडोर मेमन यांनी १९६० साली पहिला माणिक लेसर चालवून दाखवल्यावर अमेरिकेत त्या किरणाने गाठी नष्ट करण्याचे प्रयोग सुरू झाले होते. मेस्टर यांनी तसाच प्रयोग उंदरांवर केला, परंतु त्यांच्या यंत्राची शक्ती बरीच कमी असल्याने गाठींवर परिणाम झाला नाही, आणि भादरलेल्या कातडीवर केस मात्र प्रकाश न मिळालेल्या उंदरांपेक्षा लवकर उगवले. त्यानंतर मेस्टर यांनी बऱ्या न होणाऱ्या जुनाट व्रणांवर हा प्रकाश वापरून पाहिला, आणि जखम भरण्याशी त्याचे नाते तेथून जोडले गेले.

हे घडते कसे, याविषयी सर्वाधिक सांगितले जाणारे गृहीतक असे की पेशीतील ऊर्जानिर्मितीच्या केंद्रांत, म्हणजे तंतुकणिकांत, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचे एक विकर असते, ते या पट्ट्यातील प्रकाश शोषून घेते आणि त्यामुळे पेशीला अधिक ऊर्जा उपलब्ध होते. या गृहीतकावर संशोधकांचे पूर्ण एकमत नाही. ते खरे मानले, तरी प्रयोगशाळेतील थाळीत पेशी वेगाने वाढणे आणि माणसाच्या जबड्यातील खळगा वेगाने भरणे यांत मोठे अंतर राहते. दात निघाल्यावर खळग्यात रक्त साकळते. त्या गुठळीच्या आधाराने पहिल्या आठवड्यात नव्या रक्तवाहिन्यांचे मऊ, लालसर ऊतक तयार होते, त्यावर कडांकडून श्लेष्मल त्वचेचे आवरण सरकते, पुढच्या आठवड्यांत कच्चे हाड धरू लागते आणि क्ष-किरण चित्रात खळगा भरलेला दिसायला काही महिने जातात. निरोगी माणसात हा सारा क्रम बाहेरच्या कोणत्याही मदतीवाचून पुरा होतो. ज्या जखमेला शंभरांतील बहुतांश रुग्णांत स्वतःहूनच भरायचे आहे, तिच्यावर केलेला कोणताही उपचार यशस्वी दिसतो. म्हणूनच या विषयात एखाद्या वैद्याचा दांडगा अनुभव किंवा समाधानी रुग्णांची मोठी संख्या पुरावा म्हणून पुढे करता येत नाही. प्रकाश मिळालेला गट आणि तसेच यंत्र तोंडात धरूनही प्रकाश न सोडलेला गट, यांची तुलनाच काय ते सांगू शकते.

अशा तुलनांतून काय निघाले हे पाहताना प्रथम एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. दात काढल्यानंतरच्या लेसरवर झालेले बरेचसे अभ्यास खालच्या जबड्यातील अडकलेल्या अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेवर आहेत, जेथे हिरडी चिरून, हाड खरवडून दाढ बाहेर काढली जाते आणि सूज, वेदना व तोंड न उघडण्याचा त्रास ठरलेलाच असतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, म्हणजे अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र मांडून काढलेल्या निष्कर्षात, अशा शस्त्रक्रियेनंतर लेसरमुळे वेदना किंवा सूज कमी झाल्याचे आढळले नाही. तोंड उघडण्यात मात्र काही मिलिमीटरचा लाभ दिसला. पुढे २०१५ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका विश्लेषणाने लेसरच्या बाजूने कौल दिला, परंतु त्यातील चाचण्या थोड्या होत्या आणि त्यांचे निकाल एकमेकांशी नीट जुळत नव्हते. ते न जुळण्याचे कारणही उघड आहे. कोणी ६६० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश वापरतो, कोणी ८१० चा अवरक्त. कोणी तोंडाच्या आतून, कोणी गालावरून. कोणी एकदाच, कोणी लागोपाठ चार दिवस. आणि मात्रेत तर अनेक पटींचा फरक असतो. या शाखेचे स्वतःचेच तत्त्व असे सांगते की कमी मात्रेने पेशी उत्तेजित होतात आणि जास्त मात्रेने त्यांचे काम मंदावते. हे तत्त्व खरे असेल, तर योग्य मात्रा न ठरलेला उपचार सर्वत्र देणे हे त्या शाखेच्याच दृष्टीने गैर ठरते. आणि ते खरे नसेल, तर फसलेल्या प्रत्येक चाचणीनंतर मात्रा चुकली असे म्हणण्याची सोय उरत नाही. लेसरच्या समर्थकांना या दोहोंपैकी एक बाजू घ्यावीच लागेल, आणि कोणतीही घेतली तरी आजच्या घडीला सर्वांना सरसकट लेसर देण्याचे समर्थन होत नाही.

अडकलेल्या अक्कलदाढेवरील हा धूसर पुरावा उचलून साध्या दाढेला लावणे ही आणखी पुढची उडी आहे. तालुक्याच्या गावात काढल्या जाणाऱ्या दाढा बहुतेक किडीने पोखरलेल्या किंवा हिरड्यांच्या रोगाने हललेल्या असतात. त्या चिमट्याने निघतात, हाड कापावे लागत नाही, सूज थोडी येते आणि ठणका पहिल्या दिवसानंतर सहसा उतरणीला लागतो. जेथे त्रासच कमी, तेथे तो कमी करणाऱ्या उपचाराला दाखवण्यासारखे फारसे काही उरत नाही.

याच ठिकाणी समर्थकांच्या अनुभवाचे एक स्पष्टीकरणही सापडते, आणि ते त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका न घेता देता येते. लेसरचा उपचार अनेक ठिकाणी एका बैठकीत संपत नाही. रुग्णाला दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले जाते. दात काढल्यानंतरचा सर्वांत त्रासदायक बिघाड, ज्याला दंतवैद्य ड्राय सॉकेट म्हणतात, तो नेमका याच दिवसांत उद्भवतो: खळग्यातील रक्ताची गुठळी विरघळते किंवा निसटते, आतील हाड उघडे पडते, कानापर्यंत जाणारी तीव्र कळ सुरू होते आणि तोंडाला दुर्गंधी येते. लेसरसाठी परत आलेल्या रुग्णाचा खळगा वैद्याच्या नजरेखालून जातो, अडकलेले अन्न धुऊन निघते, औषधे घेतली की नाही हे विचारले जाते, तंबाखू बंद ठेवण्याची पुन्हा ताकीद मिळते. आणि दाढ काढून गावी गेलेला, पुन्हा न फिरकलेला रुग्ण या साऱ्याला मुकतो. या दोघांच्या प्रकृतीत फरक पडला तर तो प्रकाशाने पडला की तपासणीने, हे दवाखान्यात बसून ओळखता येत नाही. उत्तम चाचण्यांत दोन्ही गटांना सारख्याच वेळा बोलावले जाते, म्हणूनच तेथील लेसरचा लाभ दवाखान्यातील प्रत्ययापेक्षा तोकडा दिसणे स्वाभाविक आहे. फेरतपासणीचा गुण लेसरच्या खात्यावर मांडला गेला की लेसर नसलेल्या ठिकाणी फेरतपासणीलाही कोणी महत्त्व देईनासे होते, आणि या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोठे नुकसान तेच आहे.

ड्राय सॉकेटविषयी अधिक सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण लेसरच्या जाहिरातीत त्याच्या भीतीचा आधार वारंवार घेतला जातो. साध्या दात काढण्यानंतर हा बिघाड थोड्याच टक्के रुग्णांत होतो. खालच्या अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र त्याचे प्रमाण काही अभ्यासांत ३० टक्क्यांपर्यंत नोंदले गेले आहे. तो टाळण्यासाठी क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशक द्रवाने दात काढण्यापूर्वी आणि नंतर गुळण्या करणे उपयोगी पडते, हे कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय समीक्षा-संस्थेने २०१२ साली मांडले आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीतही कायम ठेवले. त्या पहिल्या समीक्षेतील हिशेब मननीय आहे. जेथे ड्राय सॉकेटचे प्रमाण ३० टक्के आहे, तेथे ८ जणांना गुळण्या करायला लावल्या तर एकाचा बिघाड टळतो. जेथे ते ५ टक्के आहे तेथे ४७ जणांना, आणि जेथे १ टक्का आहे तेथे २३२ जणांना हा उपाय द्यावा लागतो, तेव्हा एकाचा टळतो. म्हणजे ज्याचा गुण सिद्ध आहे अशा उपायाचाही लाभ साध्या दाढेच्या बाबतीत पुष्कळ रुग्णांना तो दिल्यावर एखाद्यालाच मिळतो. गुळण्यांची बाटली स्वस्त असल्याने हे प्रमाण परवडते. लेसरला याच तराजूत घातले, आणि त्याचा गुण क्लोरहेक्झिडिनइतकाच आहे असे क्षणभर धरले, तरीही १ टक्का धोका असलेल्या गटात एकाचा बिघाड टाळण्यासाठी दोनशेहून अधिक जणांकडून शुल्क घ्यावे लागेल. इतका गुण लेसरने दाखवलेला नाही, हे वेगळे.

धोका जास्त असलेले रुग्ण कोण, हे मात्र आधीच ठाऊक आहे, आणि हिमायतनगरच्या संदर्भात त्याचे महत्त्व फार आहे. धूम्रपानाने ड्राय सॉकेटचा धोका वाढतो हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. गर्भनिरोधक गोळ्या, आधीपासूनचा जंतुसंसर्ग आणि दाढ काढताना झालेली ओढाताण यांनीही तो वाढतो. महाराष्ट्रातील तंबाखूचे चित्र पाहता, २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेताना आढळले, त्यांत धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. पैनगंगेच्या अलीकडच्या या तालुक्यात चुना-तंबाखूची चिमूट आहे, पलीकडून यवतमाळच्या बाजूने आलेला खर्रा आहे, २०१२ च्या जुलैपासून राज्यात बंदी असूनही हाती लागणारा गुटखा आहे, आणि भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना चोळणाऱ्या स्त्रियाही आहेत, ज्यांची गणना वैद्याच्या प्रश्नपत्रिकेत बहुधा होतच नाही, कारण मिश्रीला त्या व्यसन समजत नाहीत आणि विचारणाराही तंबाखू खाता का एवढेच विचारतो. ताज्या खळग्याजवळ त्याच दिवशी संध्याकाळी मिश्रीचे बोट फिरले तर सकाळच्या लेसरला काही अर्थ उरत नाही. त्यामुळे दाढ काढण्यापूर्वीची पाच मिनिटांची विचारपूस, मधुमेहाची तपासणी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चौकशी आणि किनवट-माहूरच्या पट्ट्यातील आदिवासी रुग्णांत सिकलसेलचा प्रश्न, या गोष्टींचे वजन यंत्राच्या मिनिटभराच्या प्रकाशापेक्षा कितीतरी अधिक आहे.

लेसरच्या बाजूचे एक म्हणणे असे की त्याने वेदनाशामक गोळ्या टळतात किंवा कमी लागतात. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे; मूत्रपिंडाचा विकार, जठरातील व्रण किंवा गर्भारपणाचे शेवटचे महिने अशा स्थितीत आयबुप्रोफेन आणि तिच्या जातीच्या गोळ्या देता येत नाहीत, आणि औषधाविना वेदना घटवणारे काही असेल तर ते हवेच. परंतु हा अपवाद मोजक्या रुग्णांचा आहे आणि त्यांच्यासाठीही पॅरासिटामॉल उरतेच. उरलेल्या सर्वांसाठी गोळ्यांचा पुरावा किती भक्कम आहे हे २०१३ च्या एका कॉक्रेन समीक्षेवरून कळते. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल एकत्र दिल्यावर ७३ टक्के जणांना पहिल्या सहा तासांत किमान निम्मा आराम पडला, तर औषध नसलेल्या दिखाऊ गोळीने तेवढा आराम अवघ्या ७ टक्के जणांना पडला. या निकालाजवळ जाणारा निकाल लेसरच्या कोणत्याही विश्लेषणात नाही. या दोन्ही गोळ्या कोणत्याही औषधदुकानात मिळतात आणि त्यांची किंमत मजुराला झेपते. मराठवाड्यातील रुग्णाची अडचण गोळ्यांच्या अतिरेकाची असलीच तर ती प्रतिजैविकांच्या बाबतीत आहे. निरोगी माणसाची साधी दाढ काढल्यावर पाच दिवस प्रतिजैविक देण्याची प्रथा थांबवायला हवी, आणि त्यासाठी लेसरची गरज नाही.

फायदा नसला तरी तोटा काय, हा प्रश्न या वादात सर्वांत वरचेवर विचारला जातो, आणि त्याचेच उत्तर सर्वांत गंभीर आहे. प्रकाश स्वतः जखमेला इजा करत नाही, हे मान्य. सुरक्षिततेच्या वर्गवारीत वर्ग ३-बी आणि वर्ग ४ मध्ये मोडणारे लेसर डोळ्यांच्या पडद्याला मात्र कायमची इजा करू शकतात, विशेषतः अवरक्त किरण दिसत नसल्याने पापणी मिटण्याची नैसर्गिक प्रतिक्रियाही होत नाही, म्हणून रुग्ण, वैद्य आणि मदतनीस या तिघांनाही त्या तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा लागतो. परंतु मुख्य धोका यंत्रातून निघत नाही. तो उपचाराच्या नावाखाली गेलेल्या दिवसांत असतो.

भारतातील मुखकर्करोग मोठ्या प्रमाणावर खालची हिरडी आणि गाल यांच्या बेचक्यात होतो, कारण तंबाखूची चिमूट तासन् तास तेथेच धरली जाते. हिरडीवर वाढणारा कर्करोग तिथले हाड पोखरू लागला की त्यावरची दाढ हलू लागते, आणि रुग्ण दवाखान्यात येतो तो हललेली दाढ काढून घ्यायला. गाठीची तक्रार घेऊन तो येत नाही. दाढ निघते, पण खळगा भरत नाही. त्यातून मांसल वाढ डोकावते, स्पर्श होताच रक्त येते, कडा कठीण लागतात, खालचा ओठ बधिर होतो. न भरणारा खळगा हे मुखकर्करोगाचे एक परिचित रूप आहे, आणि दोन आठवड्यांत बऱ्या न होणाऱ्या तोंडातील व्रणाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा हा नियम दंतवैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. आता अशाच खळग्यासाठी जखम भरण्याचा उपचार हाताशी आहे असे वैद्याला आणि रुग्णाला दोघांनाही वाटू लागले, तर तुकड्याची तपासणी मागे पडते. आठवड्याच्या तीन बैठका होतात, मात्रा वाढवून आणखी तीन होतात, रुग्णाला उपचार चालू असल्याचा दिलासा मिळतो, आणि जो रोग लवकर हाती लागला असता तो मानेतील गाठींपर्यंत पोहोचतो. गाठीवर थेट हा प्रकाश टाकू नये अशी सावधगिरीची सूचना या शाखेतील मार्गदर्शनातही असते, पण ती पाळण्यासाठी गाठ आहे हे आधी ओळखावे लागते, आणि ओळखण्याचे साधन तुकड्याची तपासणी हेच आहे. हिमायतनगरच्या रुग्णाला ही तपासणी बहुधा भोकरमार्गे नांदेडला किंवा त्याहूनही दूर जाऊन करावी लागते. तेथवर जाण्याची निकड त्याच्या मनात उभी करणे हे गावातील वैद्याचे काम आहे, आणि जवळच्या दवाखान्यातील सुखद, न दुखणाऱ्या बैठकांनी ती निकड विरते.

खर्चाचाही हिशेब याच तोट्यात धरायला हवा. सरसम किंवा कामारीहून आलेल्या शेतमजुराला लेसरच्या प्रत्येक फेरीसाठी शुल्काखेरीज प्रवासभाडे आणि एक दिवसाची मजुरी द्यावी लागते. सोयाबीनच्या काढणीत किंवा कापसाच्या वेचणीत तो दिवस फार महाग पडतो. त्याच्याकडून दोन जादा फेऱ्या मागायच्या असतील तर त्या बिघाड ओळखण्यासाठी मागाव्यात, आणि त्यांतील एक शक्य तेथे दूरध्वनीवर भागवावी. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी कळ वाढली का, वास येतो का, ओठ बधिर आहे का, एवढे तीन प्रश्न दूरध्वनीवरही विचारता येतात, आणि उत्तर होकारार्थी आले तरच रुग्णाने मजुरी बुडवून यावे.

यंत्राला परदेशातील वा देशातील नियामकाची मान्यता आहे, असाही आधार दिला जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या जातीच्या यंत्रांना दिलेली परवानगी बहुतांशी आधीच बाजारात असलेल्या यंत्राशी पुरेसे साम्य आहे या निकषावर दिलेली असते. दात काढल्यानंतरची जखम त्याने लवकर भरते हे सिद्ध झाल्याचा तो निवाडा नसतो. भारतात वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये आले आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने उपकरणांची निर्मिती व आयात परवान्याखाली आली, ही चांगली गोष्ट आहे. पण परवाना यंत्र सुरक्षित आहे आणि सांगितल्याप्रमाणे चालते याची हमी देतो, अमुक रुग्णाला त्याचा उपयोग होईल याची देत नाही. त्या हमीसाठी पुरावा लागतो, आणि पुराव्याचे चित्र वर मांडले आहे.

आता राहतो तो आक्षेप, ज्याला भावनिक म्हणून बाजूला सारता येणार नाही. शहरातील रुग्णाला जे मिळते ते मराठवाड्याच्या टोकाच्या तालुक्याला का मिळू नये, दुय्यम उपचारच त्याच्या नशिबी का, असे विचारले जाते. आणि आरोग्यसेवेच्या बाबतीत या प्रदेशाच्या वाट्याला जे आले आहे ते पाहता या प्रश्नामागची चीड रास्त आहे. तिचे उत्तर असे की लेसर शहरातील रुग्णालाही या कारणासाठी द्यावा एवढा पुरावा नाही. पुण्यात जे अनावश्यक आहे ते हिमायतनगरला न पोहोचणे हा अन्याय ठरत नाही. अन्याय दुसरीकडे आहे. निर्जंतुक उपकरणे, पुरेशी बधिरता, क्ष-किरण चित्राची सोय, रक्तस्राव थांबवण्याचे साहित्य, दोन दिवसांनी रुग्णाला पाहणारा तोच वैद्य आणि संशयास्पद व्रणाचा तुकडा तपासणीला पाठवण्याची खात्रीची वाट, या सहा गोष्टी दाढ काढलेल्या कोणत्याही माणसाचा हक्क आहेत. २०१४-१५ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय मुखआरोग्य कार्यक्रमाचा उद्देशही जिल्हा रुग्णालयापासून खालच्या स्तरांपर्यंत दंतसेवा बळकट करणे हाच आहे. मागणी करायची तर ग्रामीण रुग्णालयात या सहा गोष्टी सदैव असाव्यात अशी करावी, आणि ती लावून धरावी.

आणि ज्यांना हा प्रकाश मराठवाड्यात आणायचाच आहे, त्यांच्यासाठी एक जागा मोकळी आहे, जेथे त्याचा पुरावा खरोखर बळकट आहे. डोके व मान यांच्या कर्करोगावर किरणोत्सर्गाचा उपचार घेणाऱ्या रुग्णांचे तोंड आतून सोलवटते, गिळणे अशक्य होते, कधी त्या असह्य यातनांमुळे उपचारच खंडित करावा लागतो; या विकाराला मुखश्लेष्मशोथ म्हणतात. तो टाळण्यासाठी कमी शक्तीच्या लेसरची शिफारस कर्करोग-रुग्णांच्या आधारसेवेवरील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने आपल्या मार्गदर्शनात केली आहे, ठरावीक तरंगलांबी आणि मात्रेसह, चाचण्या एकमेकींशी जुळल्यानंतर. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाड्यातून असे रुग्ण सतत येत असतात, आणि त्यांत तंबाखूच्या पट्ट्यातील शेतकरी व शेतमजूर मोठ्या संख्येने असतात. जो पैसा आणि जो उत्साह खासगी दवाखान्यांतील साध्या दाढेच्या खळग्यांवर खर्च होत आहे, त्याचा काही भाग या रुग्णांच्या वाट्याला आला तर त्यांच्या गिळण्याच्या यातना कमी होतील आणि उपचार पुरा होण्याची शक्यता वाढेल. तेच यंत्र, तोच प्रकाश. एका ठिकाणी त्याची शिफारस आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, आणि हा फरक सांगणे हे वैद्याचे कर्तव्य आहे.

दाढेच्या खळग्याबाबतचा प्रश्न कायमचा मिटला असे मात्र म्हणता येत नाही, आणि तो सोडवण्याची साधने मराठवाड्यातच आहेत. नांदेड आणि लातूर येथे दंतमहाविद्यालये आहेत, छत्रपती संभाजीनगरला १९८२ पासूनचे शासकीय दंतमहाविद्यालय आहे, आणि दात काढण्यासाठी येणाऱ्या रुग्णांची तेथे वाण नाही. एकच तरंगलांबी आणि एकच मात्रा आधी जाहीर करून, चाचणीची नोंदणी आधीच करून, रुग्णांना सोडतीने दोन गटांत वाटून, दुसऱ्या गटाच्या तोंडातही तेच यंत्र प्रकाशाविना धरून, वेदना आणि सूज मोजणाऱ्याला कोणता गट कोणता हे न कळू देता, आणि धूम्रपान करणारे, मिश्री लावणारे, मधुमेही अशा जास्त धोक्याच्या रुग्णांचा निराळा हिशेब ठेवून चाचणी केली, तर तिचा निकाल या प्रदेशासाठी आजवरच्या कोणत्याही परदेशी निष्कर्षापेक्षा मोलाचा ठरेल. गालावरून प्रकाश देताना उन्हात रापलेल्या, सावळ्या कातडीतील रंगद्रव्य त्यातील किती भाग वाटेतच शोषून घेते, हा प्रश्नही येथील रुग्णांवरच सुटू शकतो. अशा चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून लेसरचे शुल्क घेता येत नाही, आणि चाचणीचा निकाल अनुकूल येईपर्यंत चाचणीबाहेरच्या रुग्णाकडूनही ते घेतले जाऊ नये. रुग्णाने स्वतः मागणी केलीच, तर साध्या दाढेसाठी याचा उपयोग सिद्ध झालेला नाही हे त्याला त्याच्या भाषेत आधी सांगितले जावे आणि संमतिपत्रावर तसे लिहिलेले असावे.